दुसऱ्या आडनावाचा खिळा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. सान मातेओ या समुद्रकाठच्या गावाच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात, रस्त्याकडच्या खिडकीला लागून मी उभी असते. वर उघड्या फळ्या आणि खाली खण, असा माझा साधा घाट आहे. येणारे-जाणारे माझ्या फळ्यांवरचे रंगाचे डबे बघतात, कौतुक करतात, आणि मी मात्र माझी उजवी बाजू कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मनातल्या मनात अंग चोरून घेते. त्या बाजूला एक तांब्याचा खिळा आहे. मला त्या खिळ्याची लाज वाटते. त्याच्याशिवाय माझी कहाणी सांगता आली असती तर मी आनंदाने तशी सांगितली असती.

मला इलारियो मिस्त्रींनी बनवलं. त्यांचा धंदा होड्या बांधायचा. शाळेसाठी मांडणी हवी असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी एका होडीच्या उरलेल्या फळ्या घेतल्या आणि होडीसारखंच मला जोडलं. त्यामुळे माझ्या अंगाला किंचित बाक आहे आणि माझ्यावर ठेवलेली पेन्सिल नेहमी डावीकडे घरंगळते. मिस्त्रींची खिळा मारण्याची रीतही होडीचीच होती. खिळा आरपार ठोकायचा आणि आतल्या बाजूने त्याचं टोक वाकवून लाकडात बसवायचं, म्हणजे कितीही लाटा आल्या तरी तो सुटत नाही. सगळं काम झाल्यावर त्यांनी माझ्या उजव्या बाजूला एक जादा खिळा तसाच पक्का मारला. "हा फडकं अडकवायला," एवढं बोलून ते निघून गेले. फडकं अडकवायला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण माझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे तेवढंच आहे.

सुरुवातीची वर्षं माझे हालच झाले. माझ्यात काय नव्हतं? तुटके खडू, वाळून दगड झालेली माती, कुणाचा तरी एक बूट. समुद्राच्या दमट हवेने कागदांना बुरशी यायची. माझे खण फुगायचे, मग मुलं पाय लावून ते ओढायची. चित्रकलेचा तास म्हणजे मुलांना आरडाओरडा करायला मोकळीक आणि शिक्षकांना डुलकी काढायला. मी कशासाठी आहे हेच मला कळत नव्हतं.

मग एर्सिलिया बाई आल्या. उंच, सडपातळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चालताना तो जुडगा त्यांच्या आधी वर्गात पोचायचा. त्यांनी पहिल्या दिवशी मला रिकामं केलं, खारट पाण्याने नव्हे तर गोड्या पाण्याने पुसलं, आणि खणांच्या कडांना मेणबत्ती घासली. मित्रांनो, त्या दिवसापासून माझे खण बोटाने सरकतात. मला माणसात आणलं ते त्यांनी. हे विसरून पुढचं ऐकू नका.

बाईंची व्यवस्था बघण्यासारखी होती. ब्रश धुऊन, केस वर करून, आटीव दुधाच्या डब्यांत उभे. रंगांची पूड टुना माशाच्या रिकाम्या डब्यांत, झाकणावर त्या त्या रंगाचा ठिपका. कात्र्यांसाठी भोकं पाडलेला ठोकळा, म्हणजे एखादी कमी असली तर लगेच दिसावं. दोन बादल्या, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची, आणि त्यांची अदलाबदल करणाऱ्याची धडगत नव्हती. ओली चित्रं माझ्या वरच्या फळ्यांवर, एकमेकांना न चिकटता. अर्धवट कामं मधल्या खणात, पुरी झालेली उजव्या खणात, रद्दी सगळ्यात खाली. आठवड्याला एक मूल पाण्याचं, एक फडक्यांचं, एक कात्र्यांचं. प्रांताच्या राजधानीतून, पोर्तोव्येहोहून, तपासनीस आले तेव्हा त्यांनी माझे खण उघडून-मिटून पाहिले आणि म्हणाले की सबंध प्रांतात इतका नीटनेटका चित्रकलेचा वर्ग नाही. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मीही फुगले, आणि तेही पावसाळा नसताना.

अडचण एकच होती, नावांची. आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं आणि मागून आईचं. सान मातेओत अर्धं गाव मेरो आणि उरलेलं आंचुंदिया. एका वर्गात दोन-दोन होसे मेरो. कुणाचं चित्र कुणाच्या घरी जायचं आणि मग आया खिडकीत येऊन भांडायच्या. म्हणून बाईंनी नियम केला. कागदाच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, नाव आणि दोन्ही आडनावं. दोन्ही नसतील तर कागद जमा करायचा नाही. नियम अगदी रास्त होता, मलाही पटला.

तरी निनावी कागद यायचेच. असा कागद बाई चिमट्याने माझ्या खिळ्यावर लटकवायच्या, कुणाचा असेल त्याने न्यावा म्हणून. फडकं तेव्हापासून बादलीच्या कडेवर गेलं. पुढे पुढे खिळ्यावर नुसते निनावी कागद राहिले नाहीत. न धुतलेला ब्रश दोऱ्याने बांधून लटकू लागला. पाणी सांडून बिघडवलेलं चित्र लटकू लागलं. मुलं वर्गात शिरताना आधी माझ्याकडे बघायची आणि एकमेकांना विचारायची, "आज खिळ्यावर कोण?" ज्याची वस्तू असेल त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून मला ते ओळखता यायचं. वर्ग आणखी नीट झाला. बाईंना वाटलं, नियम लागू पडला. आणि मला, खरं सांगते, मला बरं वाटायचं. सगळ्यांची नजर आधी माझ्यावर पडायची ना.

सहावीत मार्यूरी नावाची मुलगी होती. तिची आई ओतिलिया शाळेच्या भिंतीला लागून, माझ्याच खिडकीखाली, हातगाड्यावर कोर्विचे तळायची. हिरव्या केळ्याच्या पिठात मासा आणि शेंगदाणा भरायचा आणि उकळत्या तेलात सोडायचा. मधल्या सुट्टीत मुलं गजांमधून हात घालून ते घ्यायची. ओतिलियाचा आवाज मोठा होता आणि वरचा एक दात पडलेला होता. ती ओरडायला तोंड उघडायची तेव्हा ती फट आधी दिसायची. त्याची तिला कधी फिकीर नव्हती.

मार्यूरी कमी बोलायची आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्र काढायची. एका बाजूला बर्फाच्या पेट्यांवर बसलेले पेलिकन, दुसऱ्या बाजूला होडीतून उतरणारी माणसं. कोरी जागा तिला बघवायची नाही. मी इतक्या मुलांचे कागद पोटात घेतले आहेत, पण तिचा कागद आत आला की माझा खण जड वाटायचा. तिच्या कागदावर नाव कधीच नसायचं. बाईंना वाटलं, हा हट्ट आहे. तिचा हात त्या ओळखत होत्या, कागद कुणाचा हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी तिने स्वतः येऊन नाव घालावं असा त्यांचाही हट्ट होता.

एके दिवशी बाईंनी तिचा कागद नाव शोधायला उलटा केला. नाव नव्हतं. त्यांनी चित्राकडे न बघताच तो तसाच, मागची बाजू बाहेर करून, खिळ्यावर लावला. मागच्या बाजूला ओतिलिया होती. कढईसमोर उभी, तोंड उघडं, आणि ती फट. चित्र इतकं हुबेहूब होतं की वर्गाने क्षणात ओळखलं आणि हसू फुटलं. कुणीतरी ओतिलियाच्या आवाजात "गरम कोर्विचे" ओरडलं. बाईंना वाटलं, मुलं कागद निनावी आहे म्हणून हसताहेत. त्या म्हणाल्या, "ज्या कागदाला नाव नाही त्याला घर नाही. घर मिळेपर्यंत तो इथेच लटकेल."

मार्यूरीने मान वर केली नाही. कागद न्यायलाही ती आली नाही. मधल्या सुट्टीत ओतिलियाने गजांमधून कोर्विचे देताना आत पाहिलं आणि माझ्या अंगावर लटकलेलं स्वतःचं तोंड तिला दिसलं. दुसऱ्या दिवसापासून ती तोंडावर एप्रनचं टोक धरून ओरडायला लागली. ते ओरडणं नीट ऐकूही यायचं नाही. मित्रांनो, मी खिडकीपासून हातभरच लांब आहे. मला ते रोज बघावं लागलं.

त्यानंतर मार्यूरीचे कागद असेच येत राहिले, दोन्ही बाजूंनी भरलेले आणि बिननावाचे. बाई एकेक दिवस ते खिळ्यावर लावायच्या आणि मग डाव्या खणात टाकायच्या. त्या खणाला त्यांनी निनावी खण असंच नाव दिलं होतं. खण भरत गेला आणि त्यात जवळजवळ सगळी तिचीच चित्रं होती. माझ्या लेखी ती तिथे सुखरूप होती.

डिसेंबर आला. डिसेंबरात आमच्याकडे जुन्या वर्षाचा बाहुला करतात आणि जाळतात. बाहुला कुणाचाही असू शकतो. वर्षभर ज्याने पिडलं किंवा ज्याच्याशिवाय वर्ष सरलं नसतं, अशा कुणाचाही. ज्याचा बाहुला होतो त्याने रागवायचं नसतं. घरोघरी तो वर्षाच्या शेवटच्या रात्री जळतो, पण शाळेचा बाहुला सुट्टी लागायच्या दिवशी भर दुपारी अंगणात जळायचा, म्हणजे सगळ्या मुलांना बघता यावा. त्या वर्षी सहावीने एर्सिलिया बाईंचा बाहुला करायचं ठरवलं. बाई खूश झाल्या. डोकं कसं करायचं, सिमेंटच्या पोत्यांचा कागद कसा भिजवायचा, खळ किती दाट हवी, सगळं त्यांनी स्वतःच शिकवलं. स्वतःचं नाक जरा लहान करा, असंही त्यांनी सुचवलं, पण मुलांनी ते ऐकलं नाही.

बाहुल्याच्या पोटात भुसा भरतात आणि त्याच्याबरोबर आपल्याला नव्या वर्षात न्यायचं नाही ते टाकतात. मुलांनी नापास झालेल्या चाचण्या टाकल्या, फसलेली चित्रं टाकली, एकाने दुखणारा दात टाकला. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून ब्रश मोजत होत्या. तेव्हा मार्यूरीने माझा डावा खण उघडला. आधी मला वाटलं, ती शेवटी आपली चित्रं घ्यायला आली. तिने सगळा गठ्ठा काढला, बाहुल्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तो खोल दाबला, वरून भुसा टाकला आणि शिडाच्या दोऱ्याने पोट शिवून टाकलं. टाके बारीक आणि एकसारखे घातले. शिवण तिचीच चांगली होती, म्हणून ते काम तिच्याकडेच होतं आणि कुणाला संशय आला नाही. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. मला फक्त करकरता येतं, आणि माझ्या खणांना तर मेण लावलेलं होतं.

सुट्टी लागायच्या दिवशी अंगणात खुर्ची ठेवून बाहुल्याला बसवलं. कमरेला पत्र्याच्या किल्ल्या, डोळ्यांवर तारेचा चष्मा. शिपायाने त्याच्या पायांवर आणि मांडीवर डिझेल शिंपडलं. सगळी शाळा गोल करून उभी राहिली. एर्सिलिया बाई मात्र वर्गात होत्या. सुट्टीआधी सगळे खण मोकळे करायचे, असा त्यांचाच शिरस्ता. त्यांनी डावा खण ओढला आणि तो त्यांच्या हातात हलका आला.

बाई त्या रिकाम्या खणाकडे बघत राहिल्या. मग रद्दीचा खण उघडला, मधला उघडला, माझ्या मागे हात घालून पाहिलं. शेवटी खिडकीशी आल्या.

"ओतिलिया, मार्यूरी आज दिसत नाही?"

"नाही आली बाई. म्हणाली, बाहुला जळला की येते." ओतिलियाने एप्रनचं टोक तोंडावरून काढलं नव्हतं.

"तिची चित्रं इथं होती. या खणात."

"ती होय? ती तुमच्या पोटात आहेत." ओतिलियाने मानेनेच अंगणाकडे दाखवलं. "काल सांगत होती. निनावी कागद कशाला ठेवायचे म्हणाली. जळू देत."

बाईंचा आवाज चढला. त्यांना राग आला होता आणि त्याखाली भीतीही होती. "अगं, पण एवढं नाव लिहायला काय होत होतं तिला? वर्षभर सांगतेय मी. दोन आडनावं, बस. पहिलीतली पोरंसुद्धा लिहितात."

ओतिलिया उत्तर देणार एवढ्यात अंगणात टाळ्या वाजल्या. मृत्युपत्र वाचायची वेळ झाली होती. जुनं वर्ष मरताना आपली मालमत्ता वाटून जातं, ते मृत्युपत्र मुलांनीच लिहिलेलं असतं आणि कुणीतरी विधवा बनून ते वाचतं. त्या वर्षी बाग्नेर नावाचा मुलगा काळी ओढणी घेऊन विधवा झाला होता. तो गळा काढून वाचू लागला आणि दाराखिडकीतून आम्हा तिघींनाही ते स्वच्छ ऐकू आलं.

"मी, एर्सिलिया, मरताना पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्या किल्ल्या मी फाउस्तो सरांना ठेवते, कारण त्यांना स्वतःच्या कधी सापडत नाहीत. माझा घसा शिपायाला ठेवते, म्हणजे शाळेला घंटा लागायची नाही. माझा चष्मा पाचवीला, घाण पाणी कुठलं ते त्यांना एकदाचं दिसू दे." मुख्याध्यापक फाउस्तो सर सगळ्यांत मोठ्याने हसत होते. खिडकीशी उभ्या बाईंनाही हसू आलं. "आणि माझा खिळा मी मार्यूरीला ठेवते. तिनं तो दुसरं आडनाव म्हणून लावावा."

अंगणात हशा पिकला. बाईंचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी हळूच ओतिलियाकडे पाहिलं. ओतिलियाने एप्रनचं टोक खाली सोडलं होतं.

"तिला एकच आहे बाई," ती म्हणाली. "माझ्याकडे होतं तेवढं दिलं."

मित्रांनो, आमच्या गावात या एका वाक्याचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. बापाने नाव दिलं नाही, की पोराकडे एकच आडनाव राहतं. सगळ्या वर्गाला हे माहीत होतं. शाळेच्या दाखल्यावर ते लिहिलेलं होतं. हजेरी घेताना बाई नुसती पहिली नावं वाचायच्या, म्हणून त्यांच्या डोळ्यांखालून ते कधी गेलंच नव्हतं. आणि त्यांनी वर्षभर एका पोरीला सांगितलं होतं की दुसरं आडनाव घेऊन ये, नाहीतर खिळ्यावर जा. त्या माझ्या उजव्या बाजूला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा तळवा नेमका खिळ्यावर पडला होता, पण त्यांनी तो उचलला नाही. इतका शरमलेला हात माझ्या अंगावर आजवर कधी पडलेला नाही.

मग त्यांनी ठोकळ्यातून मोठी कात्री उपसली आणि अंगणात गेल्या. वर्गाच्या दारातून मला सगळं दिसत होतं. शिपायाने काडी ओढली होती. बाईंनी ती त्याच्या हातातच फुंकली. फाउस्तो सर पुढे आले. शिवलेलं जुनं वर्ष उघडायचं नसतं, उघडलं तर ते परत घरात शिरतं, असं आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. "एर्सिलिया बाई, हे बरं नाही. कुणाच्या तरी वर्षाला अपशकुन होईल," सर म्हणाले.

"माझ्याच होईल. पोटही माझंच आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कात्री घातली.

आधी मुलं हसली. बाई स्वतःचंच पोट फाडताहेत, यापेक्षा मोठी गंमत काय असणार? भुसा बाईंच्या बुटांवर ओतला गेला. त्यांनी गुडघे टेकून आत हात घातला आणि कागद बाहेर काढले. काही कोरडे होते. खालचे डिझेलने भिजले होते. एकेक कागद बाई आपल्या रंगकामाच्या एप्रनवर ठेवत गेल्या, दोन्ही बाजू बघत गेल्या, आणि हळूहळू अंगणातलं हसू थांबलं. बाग्नेरने ओढणी डोक्यावरून ओढून काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

बाई उठल्या. गुडघ्यांना भुसा चिकटलेला होता. "ही चित्रं मार्यूरीची आहेत," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी मी ती टांगली. तुम्ही हसलात ते माझ्याकडून शिकून हसलात." एवढंच बोलल्या. नंतर शिपायाने रिकाम्या पोटाच्या बाहुल्याला काडी लावली. तो नीट पेटला नाही, खुर्चीतच दुमडला आणि धूर फार झाला.

तिने सांगितलं होतं तशी मार्यूरी बाहुला जळल्यावर आली. वर्गात दोऱ्या बांधून तिची चित्रं वाळत घातलेली होती. डिझेल प्यायलेले कागद काचेसारखे झाले होते आणि पुढचं चित्र आणि मागचं चित्र एकदमच दिसत होतं. पेलिकनच्या मधून होडीतली माणसं उतरत होती. मी वाट बघत होते की तिला आनंद होईल. तिचा चेहरा रागाने पांढरा पडला.

"मी टाकली होती ना बाई."

"हो."

"मग का काढलीत? सगळ्यांसमोर?"

पुन्हा एकदा बाईंनी तिला न विचारता तिची चित्रं टांगली होती, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आधीचं चुकलं आणि आत्ताचंही चुकलं. तू म्हणशील ते कर यांचं."

मार्यूरीने आईचं चित्र तेवढं दोरीवरून काढलं, गुंडाळलं आणि निघून गेली. बाकीच्या चित्रांना तिने हातही लावला नाही. बाईंनी ती माझ्या डाव्या खणात परत ठेवली. डिझेलचा वास लागेल म्हणून त्या खणात त्यांनी दुसरं काही ठेवलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी पकड आणून खिळा उपटायचा प्रयत्न केला. पाय माझ्या अंगाला लावून ओढला. पण तो इलारियो मिस्त्रींचा खिळा होता. माझ्या लाकडाला चीर गेली, खिळा हलला नाही. ती चीर तुम्हाला आजही दिसेल.

जानेवारीत नियम बदलला. नावं नकोत, आडनावं नकोत, प्रत्येकाने कोपऱ्यात आपली एक खूण काढायची आणि ती खूण दुसऱ्याने वापरायची नाही. मुलांना मजा वाटली. कुणी कंगवा घेतला, कुणी खेकडा, दोन्ही होसे मेरोंनी एकाच माशावरून भांडण केलं. मार्यूरीने काहीच घेतलं नाही. ती चित्रही काढत नव्हती. तासाला यायची, पाणी भरायची, फडकी पिळायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. बाई तिच्या टेबलावर रोज दोन कागद ठेवायच्या आणि तासानंतर दोन कोरे कागद उचलायच्या. त्यांनी तिला एकदाही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण गमावला आहे, असं त्यांच्या चालण्यावरून मला वाटायचं. जुडगा आता त्यांच्या मागून वर्गात यायचा.

बाहेर ओतिलियाने मात्र ते चित्र गाड्याच्या पुढच्या बाजूला लावून टाकलं होतं, पडलेल्या दातासकट. डिझेलचा वास कढईच्या वासात खपून गेला. ती पुन्हा तोंड उघडं टाकून ओरडायला लागली आणि तिचा आवाज पुन्हा वर्गात घुमायला लागला.

शाळेचं वर्ष संपताना, मुलं बाकं धुवायला अंगणात गेली असताना, मार्यूरी एकटी आत आली. माझा डावा खण तिने पूर्ण बाहेर काढला आणि जमिनीवर मांडी घालून बसली. मला वाटलं, आता फाडणार. तिने खिशातून पेन्सिल काढली. पहिला कागद घेतला आणि त्याच्या कोपऱ्यात एक छोटी उभी रेघ ओढली, तिच्या डोक्यावर एक बारीक आडवी. मग दुसरा कागद, मग तिसरा. दोन्ही बाजूंना. ती काय काढते आहे हे मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मला माझी उजवी बाजू कुठे लपवू असं झालं. ती खिळा काढत होती. जे नाव तिला हसून दिलं गेलं होतं, ते तिने तिच्या सगळ्या बिननावाच्या कागदांना एकेक करून लावलं.

एर्सिलिया बाई दारात येऊन थांबल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पण त्या आत आल्या नाहीत. मार्यूरीने खण माझ्यात परत सरकवला आणि उठताना हातातलं ओलं फडकं ठेवायला जागा शोधली. "बाई, हे कुठे ठेवू?" तिने न वळताच विचारलं.

"खिळ्यावर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "तो फडक्यासाठीच होता."

मित्रांनो, एर्सिलिया बाई गेल्या, नव्या आल्या. मार्यूरी कुठे असते मला माहीत नाही. कपाटांना आणि मांडण्यांना कोण कळवणार? तुमच्या वर्गात माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्या खणांना वर्षातून एकदा मेण लावा. ओले कागद एकमेकांवर ठेवू नका, ब्रश केसांवर उभे करू नका. व्यवस्था हवीच, ती नसताना माझी काय गत होती ते मी सांगितलं आहे. पण निनावी कागद कुठे टांगण्याआधी वर्गात एकदा नजर फिरवा. कुणाची तरी मान खाली असेल.

पाऊस सुरू झाला की माझ्या डाव्या खणातून अजून डिझेलचा वास येतो. नवी मुलं नाक धरतात, खण उघडतात, आतला एखादा कागद उजेडात धरतात. पेलिकन दिसतात, माणसं दिसतात आणि कोपऱ्यातली ती खूण दिसते. ही कुणाची, असं ती एकमेकांना विचारतात. मग त्यांच्यातलं कुणीतरी फडकं बाजूला करून माझ्या उजव्या बाजूकडे बघतं. मी मान खाली घातली असती, पण मांडणीला मान नसते.